उलटा मांडलेला डाव

दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, बुद्धिबळ शिकवणारा प्रोग्राम बनवला. तपासायचं काम माझं, त्यांच्याच घरी बसून. मी ‘पास’ लिहिलं की तो शाळांत जाणार आणि पोरं त्याच्याकडून शिकणार. मेहुणा घरचा आहे, नडणार नाही, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

तपासायचे होते उंटांचे शेवटचे डाव. पट जवळपास रिकामा. दोन्हीकडे राजा, एकेक उंट आणि थोडी प्यादी. उंट जन्मभर एकाच रंगाच्या घरांतून फिरतो. त्याच रंगावर त्याची स्वतःची प्यादी ठाण मांडून बसली की तो कोंडला, वाईट उंट झाला. प्यादी दुसऱ्या रंगावर असली की वाट मोकळी, उंट चांगला. सगळा खेळ यावर.

मागच्या खेपेला प्रोग्राम निम्म्या डावांत आपटला होता. या वेळी सगळे बरोबर, तेही झटक्यात. मला संशयाचा वास आला.

मी तेच डाव आरशात दिसतात तसे मांडले. डावीकडचं उजवीकडे. पांढऱ्या घरांतला उंट काळ्या घरांत गेला, एवढाच फरक. जिंकायची रीत तीच. आणि या शहाण्याने काय करावं? आपलंच प्यादं काळ्या घरात ढकललं, आपल्याच चांगल्या उंटाची वाट बुजवली आणि जिंकलेला डाव बरोबरीत घालवला.

“दाजी, उत्तरं पाठ करून दिलीत याला?”

“तयारी करून घेतली म्हण.”

“ही घोकंपट्टी झाली.”

“आपण सगळे असेच पास झालो रे.”

“म्हणून तर आपली ही गत आहे.”

पलीकडच्या टेबलावरून ताई म्हणाली, “तुमचे उंट माझ्या जेवणाच्या ताटात आणू नका म्हणजे झालं.”

दुपारी दाजींनी हाक मारली. “ये, मांड तुझा आरसा.” सगळे बरोबर. उलटे डावही त्यांनी त्याच्या घशात कोंबले होते. चूक शोधून दिली, तर माणसाने चूक झाकायची सोय केली.

मी त्यातल्याच एका डावात कडेचं एक प्यादं एक घर पुढे सरकवलं. प्रोग्रामने पुन्हा स्वतःचा उंट कोंडला.

“असे किती डाव मांडशील?” दाजी वैतागले.

“तुम्ही भराल त्याहून एक जास्त.”

मी ‘नापास’ लिहिलं. दाजींनी ते शांतपणे पुसलं. “उद्यापासून येऊ नकोस. तपासायचं मी बघतो.”

ज्याने बनवला तोच तपासणार आणि तोच पास करणार. वर मला विचारतात, एवढं चिडायला काय झालं.

घरी येऊन मी तो सरकवलेल्या प्याद्याचा डाव शाळांना पाठवला. लिहिलं, विकत घेण्याआधी हा तेवढा खेळून घ्या. दोन शाळांनी प्रोग्राम नको म्हणून कळवलंय. ताई माझा फोन उचलत नाही. तिचा राग मला कळतो. पण पोरांपुढे पोपट बसवून त्याला मास्तर म्हणायला मी तयार नाही, तो माझ्या बहिणीच्या घरचा असला तरी.