आवाज थांबला की क्रेन थांबते

“परत सांगा दादा, काही कळलं नाही.”

क्रेनच्या केबिनमधून वॉकीटॉकीवर ऑपरेटरबाईंचा आवाज आला आणि खाली उभ्या सिग्नलवाल्यानं पुन्हा बटण दाबलं. सकाळपासून हेच चाललं होतं. इमारतीमागचं काही बाईंना वरून दिसत नव्हतं. तो सांगेल तसं त्यांनी वजन उतरवायचं.

लहानपणी तो तोतरा होता. मग त्याला एक युक्ती सापडली. तोंड उघडलं की श्वास न घेता वाक्याच्या शेवटापर्यंत पळत सुटायचं, दोन शब्दांत फट म्हणून ठेवायची नाही. तोतरेपणा पळाला, पण शब्द एकमेकांच्या अंगावर पडायला लागले. साइटवर त्याला सगळे एक्सप्रेस म्हणत. बायकोनं तर त्याला अडखळताना कधी ऐकलंच नव्हतं. “आधी घास गिळा, मग बोला,” एवढीच तिची तक्रार. आधीचे ऑपरेटरकाका ही गिचमिड सवयीनं ओळखायचे. ते निवृत्त झाले आणि एक्सप्रेसचं धाबं दणाणलं.

साइटवरचे साहेब जवळ आले. “हा शेवटचा गर्डर उरकू या. उद्यापासून तुम्ही गोदाम बघा. राग मानू नका, खाली माणसं असतात.”

राग कसला मानायचा? खरंच तर होतं. पण उभी हयात या कामात गेली होती, आणि गोदामात नुसतं बसून राहायच्या कल्पनेनंच त्याचा जीव वरखाली होत होता.

गर्डर डोक्यावर आला. खाली दोघे फिटर तो धरून जागेवर बसवायला हात वर करून उभे. नियम असा, की वजन उतरताना सिग्नलवाल्यानं बोलत राहायचं. त्याचा आवाज थांबला की क्रेन थांबते. तो नेहमीसारखा एका श्वासात बोलत सुटला.

“परत सांगा, दादा.”

“एक्सप्रेस, हात भरून आले रे,” फिटर म्हणाला.

त्यानं श्वास घेतला. “बाई. सावकाश. खाली.” क्रेन हलली. “खाली. खाली. खा...”

जबडा आखडला. लहानपणी अडायचा तसाच. गर्डर अधांतरी थांबला. सगळ्या साइटचा चॅनेल एकच. त्यावर कोणीतरी फिसकन हसलं. वॉकीटॉकी फेकून घरी निघून जावं असं त्याला वाटलं, पण खालचे चार हात तसेच वर होते.

“खा... खा... खाली.”

थांबत, अडत गर्डर जागेवर बसला. फिटरांनी बोल्ट आवळले.

“दादा,” केबिनमधून बाई म्हणाल्या, “आज पहिल्यांदा सगळं कळलं. रोज असंच बोला ना.”

साहेबांनी विचारलं, “मग उद्या इथेच येता?”

रोज असंच, म्हणजे हे अडखळणं रोज सगळ्यांच्या कानांवर. उत्तर बाईंनाही द्यायचं होतं, म्हणून त्यानं बटण दाबलं.

“ये... ये...”

चॅनेलवर कोणी मध्ये बोललं नाही. साहेबही थांबून राहिले.

“येतो.”