उपाशीपोटीची खूण

“राधाबाई, आठवून सांगा. त्या दिवशी रक्त द्यायच्या आधी काही खाल्लं होतं का?” यशश्री मॅडमनी विचारलं.

“नाही जी. काहीच नाही,” कुंडम गावाहून आलेल्या राधाबाई म्हणाल्या. शेजारी उभ्या मुरलीधरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मुरलीधर या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला जुना तंत्रज्ञ. तीस वर्षांत आपली एक चूक नाही, हे तो येईल त्याला ऐकवायचा. मॅडमचं संशोधन नवं होतं. रक्तातल्या द्रवावर प्रकाश टाकायचा, किती शोषला गेला त्याचा आलेख काढायचा आणि अशा शेकडो आलेखांच्या गणितातून चरबी वाहून नेणाऱ्या कणांचं प्रमाण ओळखायचं. खाल्लं की हे प्रमाण बदलतं, म्हणून प्रत्येक माणूस उपाशीपोटी हवा.

पंधरवड्यापूर्वी सकाळीच वीज गेली आणि राधाबाई तीन तास बसून राहिल्या. त्यांना भोवळ आली, तेव्हा मुरलीधरने आपल्या डब्यातले तुपातले पराठे त्यांना खाऊ घातले. दुपारी रक्त घेतलं आणि नोंदवहीत ‘उपाशीपोटी’समोर बिनदिक्कत बरोबरची खूण केली. शेकड्यात एका माणसाने काय फरक पडतो, असं त्याला वाटलं होतं.

फरक पडला. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक माणसाचा एक ठिपका; बाकी सगळ्यांचे एका घोळक्यात आणि राधाबाईंचा पार कोपऱ्यात. मॅडमनी काळजीने त्यांना बोलावून घेतलं.

“तुमचा फोन आला तसं तूप-तेल सोडलं जी,” राधाबाई सांगत होत्या. “पोरगी रडून राहिली. जावई म्हणे, दिल की बीमारी है. भीतीनं कालपासून घास नाही उतरला.”

मॅडम कागद आणायला आत गेल्या.

“काहून खोटं बोलल्या, राधाबाई?” मुरलीधर पुटपुटला.

“तुमची नोकरी आहे ना भाऊ. अन् खाऊ घालणाऱ्याची चुगली करू काय?”

मुरलीधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने नोंदवही उघडली, आपली खूण खोडली आणि शेजारी लिहिलं, ‘दोन पराठे. मी दिले.’ खाली सही करून वही आत नेली आणि मॅडमसमोर ठेवली.

मॅडमनी वाचलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“बाईंना सांगा, घाबरायचं बहुतेक कारण नाही. आज उपाशी आहेत, पुन्हा रक्त घ्या,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्याने सांगितलं, माफी मागितली, रक्त घेतलं. मग आपला डबा उघडून राधाबाईंपुढे सरकवला. राधाबाईंनी हात पुढे केला, आणि तसाच थांबवला.

“मॅडम,” आतल्या खोलीच्या दाराकडे वळून त्यांनी विचारलं, “आता खाऊ काय जी?”