बाईच्या हातची कॉफी

सौंसरच्या तहसील कचेरीसमोर श्रावणची चहाची टपरी होती. पेशी लागायच्या आधी वकील तिथं यायचे, पेशी झाल्यावर अशील यायचे, आणि ज्याची पेशी पुढं ढकलली जायची तो तर दिवसभर तिथंच बसायचा. तालुक्यातल्या लग्नांत चहाला श्रावणच लागायचा. आलं केव्हा ठेचायचं, दूध केव्हा ओतायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बारा वर्षं तो हेच करत होता आणि आपल्यासारखा चहा पांढुर्ण्यापर्यंत कुणी करत नाही, हे त्याला मनोमन ठाऊक होतं.

शहाऐंशी साली तो मावसभावाच्या लग्नाला नागपूरला गेला आणि तिथं त्यानं पहिल्यांदा कॉफीची मशीन पाहिली. चकचकीत पोलादी पोट, खाली गॅसची शेगडी, वर दाबाचा काटा, बाजूला वाफेची नळी. मशीनवाला मगात दूध घ्यायचा, नळी आत बुडवायचा, चावी फिरवायचा, आणि फुस्सकन आवाज होऊन मगभर पांढरा फेस चढायचा. कपात आधीच साखरेबरोबर फेटलेली कॉफी, त्यावर तो फेस, त्यावर चिमूटभर चॉकलेटची पूड. लोक जेवणाची पंगत सोडून तिथं रांग लावत होते. चहाच्या पातेल्याकडं कुणी फिरकत नव्हतं. श्रावण तासभर तिथंच उभा राहिला.

दोन महिन्यांनी तशीच एक जुनी मशीन बसच्या टपावर बांधून तो सौंसरला घेऊन आला. बौद्धवाड्यातली माणसं पाहायला जमली. "एक्स्प्रेस कॉफी म्हणते हिले," तो म्हणाला. शेजारचा म्हातारा भिवाजी म्हणाला, "बरोबर आहे. शिटी मारते न गाडीसारखी!" सगळे हसले. श्रावणही हसला.

पण मशीन काही त्याच्या हाताला लागेना.

रोज दुपारी तो अंगणात मशीन पेटवायचा. काटा चढायचा, वाफ यायची, सगळं ठीक. मगात नळी घातली की मात्र दूध कधी नुसतंच तापायचं, कधी एकदम उसळून त्याच्या मनगटावर यायचं. फेस आला तरी साबणाच्या पाण्यासारखा, मोठमोठ्या बुडबुड्यांचा. कपात ओतेस्तोवर विरून जायचा. आठ दिवस असंच चाललं.

त्याची बायको मंगला प्राथमिक शाळेत आया होती. एके दिवशी ती शाळेतून आली तेव्हा श्रावण गॅसची गळती पाहायला वाकला होता. "मी धरतो जरा," म्हणून तिनं मग उचलला आणि चावी फिरवली. थोड्या वेळानं तिनं आपणहून चावी बंद केली. मगात ताज्या लोण्यासारखा मऊ, दाट फेस होता. तिनं मग टेबलावर ठोकला, तरी फेस हलला नाही.

"कसं केलं वं?" श्रावणनं विचारलं.

"मी काही नाई केलं. दूधच सांगते. आधी फसफस करते, मंग आवाज जाड होते, मंग बसल्यासारखा होते. तवा बंद कराचं."

श्रावणनं पुन्हा मग धरला, कान देऊन ऐकलं. त्याला फक्त एक लांबलचक सूं ऐकू आलं. बारा वर्षं स्टोव्हच्या भणभणाटात उभं राहून त्याच्या कानांत तोच एक आवाज उरला होता. गिऱ्हाईक हळू बोललं तर तो ओठांकडं पाहून ओळखायचा. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, मंगलालाही नाही. "हाव, समजलं," तो म्हणाला आणि तिच्या हातातून फडकं ओढून घेतलं. तेव्हाच काहीतरी आत खुपलं. इतकं बारीक होतं की नाव द्यावं असंही त्याला वाटलं नाही.

पहिली कामगिरी तिगावच्या लग्नाची होती. श्रावणनं ठरवलं, मशीन आपण पेटवायची, दुधाचा मग मंगलानं धरायचा, आणि बाजूला आपण चहाही ठेवायचा. लोकांना दोन्ही मिळेल.

लोकांना एकच हवं होतं. संध्याकाळी वरात दारात आली तेव्हापासून मशीनसमोर रांग लागली, ती जेवणं संपली तरी तुटली नाही. आणि मशीनपाशी बाई उभी आहे म्हटल्यावर घरातल्या बायकाही बाहेर आल्या. पुरुष मशीनवाला असता तर त्या आल्या नसत्या. मंगलानं पदर खोचला होता, कपाळ घामानं चमकत होतं, आणि ती प्रत्येकीला विचारत होती, "साखर कमी का जास्त?" श्रावणच्या पातेल्यातला चहा काळा पडला. एका पाहुण्यानं त्याच्या खांद्याला हात लावून म्हटलं, "चहावाले, जरा बाजूला सरका, रांगेले जागा होऊ द्या."

त्या रांगेत रामाकोन्याच्या रघुनाथरावांची म्हातारी आई अंबाबाई होती. संत्र्याचा मोठा बगीचा असलेलं, जुन्या वळणाचं घर. रघुनाथराव सौंसरला आले की श्रावणच्या टपरीवर चहा प्यायचे. बाजारातलं पिणं पुरुष घरी जाऊन मोजत नाहीत. पण अंबाबाईनं साऱ्या जन्मात बौद्धवाड्यातल्या हातचं पाणीही घेतलं नव्हतं, हे मंगलाला, श्रावणला, रांगेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हातारी मशीनसमोर आली, फेसाकडं पाहिलं, मंगलाकडं पाहिलं.

"हे काय होय वं पोरी?"

"कॉफी आहे आजी. देऊ का?"

म्हातारीनं मागच्या रांगेकडं एकदा पाहिलं. मग हात पुढं केला. ओठांवर फेसाची मिशी घेऊन ती म्हणाली, "आणखी दे." तिनं तीन कप घेतले.

परतीच्या गाडीत मंगला ते पुन्हा पुन्हा सांगत होती. "तीन कप, जी! माह्या हातचे!" तिचा आवाज ओला झाला होता. का, ते श्रावणला ठाऊक होतं. ती शाळकरी असताना गावच्या विहिरीवर तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. एकदा ओतणाऱ्या बाईनं हसत हसत ते तिच्या अंगावर सांडलं होतं. लग्नानंतर एकदाच तिनं हे श्रावणला सांगितलं होतं, तेही पाठ फिरवून.

"हाव, चांगलं झालं," श्रावण म्हणाला. खिडकीबाहेर पाहत तो स्वतःलाच विचारत होता, आपल्याला आनंद का होत नाही?

पुढच्या लग्नात तेच. त्यापुढच्या लग्नातही तेच. बोलावणं यायचं ते "मंगलाबाई मोकळ्या आहेत का" असं. एक जुना वकील, रोज त्याच्याच हातचा चहा पिणारा, टपरीवर बसून म्हणाला, "श्रावण, तुझी बायको कमाल करते बुवा. हा चहा सोडून कॉफीच कर ना इथं." श्रावणनं त्याचा कप उचलला आणि अर्धा चहा तसाच नालीत ओतला. वकील पाहतच राहिला.

घरी तो खोड्या काढू लागला. भाजीत मीठ कमी, शाळेतून यायला उशीर, फडकं कुठं ठेवलं. मंगला ऐकून घ्यायची. लग्नाचा हंगाम आहे, दमले असतील, असं तिला वाटायचं. ती जितकं ऐकून घ्यायची तितका तो जास्त जळायचा. भांडली असती तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये रघुनाथराव टपरीवर आले. त्यांच्या मुलीचं, वच्छलाचं लग्न ठरलं होतं.

"श्रावण, मशीन लागते बरं. अन् मंगलाबाईले आणजो. आईनं खास सांगितलं आहे. तिच्याच हातची पाह्यजे म्हणे."

"हाव जी," श्रावण म्हणाला.

घरी जाईपर्यंत त्याच्या मनात काही नव्हतं, हे तो पुढं शपथेवर सांगायचा. मंगला तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून हसत विचारलं, "रघुनाथराव आले होते म्हणते? काय म्हणत होते?" ते हसू पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मशीन पाह्यजे म्हणे. पण तुले नको आणू म्हणे."

"काऊन?"

"घरचं लग्न आहे. तुमच्या बाईच्या हातचं आमच्या इथं चालत नाई, म्हणे."

मंगलाचा हात सुपातच थांबला. "अन् तुमच्या हातचं?"

"मी पुरुषमाणूस, मांडवाबाहेर उभा राह्यतो. बाई घरात येते-जाते."

"पण आजीनं तर तीन कप..."

"थे दुसऱ्याच्या मांडवात होतं."

तिनं आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित त्यानं तिथंच सांगून टाकलं असतं. पण या गोष्टीत विचारण्यासारखं काही नव्हतं; ती तिच्या ओळखीची होती. तिनं तांदूळ पुन्हा निवडायला घेतले, आणि श्रावणनं पाहिलं की ती खडे ठेवत होती आणि तांदूळ बाजूला टाकत होती.

रामाकोन्याला तो एकटाच गेला. लहान रुळांच्या रेल्वेगाडीतून मशीन उतरवताना त्याला वाटत होतं, आज दाखवून देऊ. पण दुधानं त्याचं ऐकलं नाही. पहिले दहा कप पाणचट झाले, पुढचे करपट. लोक अर्धे कप खुर्च्यांखाली ठेवून जाऊ लागले. एकदा मग उसळून त्याचं मनगट भाजलं. तेव्हाही आवाज बदलला असणार, त्याला कळलं नाही. अंबाबाई बाहेर आली.

"मंगला कोठी आहे?"

"ताप आहे तिले, आजी."

"अगाई! मी तर तिच्यासाठी खण काढून ठेवला होता. माह्या लग्नाले तिले आणजा म्हणून वच्छलानंही सांगितलं होतं बापाले."

श्रावणनं मान खाली घातली आणि मनगटावर थंड पाणी ओतत राहिला.

तीन दिवसांनी दुपारी तो जेवायला घरी आला, तर अंबाबाई त्याच्या अंगणातल्या बाजेवर बसली होती. दवाखान्यात आली होती, तिथून विचारत विचारत बौद्धवाड्यात आली होती. शेजारी हिरवा खण होता. मंगला तिच्यासमोर उभी होती आणि तिनं दिलेला चहाचा कप म्हातारीच्या हातात होता.

"ताप उतरला का वं?" अंबाबाईनं विचारलं.

मंगलानं श्रावणकडं पाहिलं. हा ताप कुणी लावला, हे कळायला तिला वेळ लागला नाही. "उतरला आजी," ती म्हणाली. "आजी, एक विचारतो. मले आणू नका, असं रघुनाथरावाईनं सांगितलं होतं का?"

"कोण म्हणते? मीच धाडलं होतं त्याले, तुले आणाले!"

मंगलानं म्हातारीचा चहा होऊ दिला, खण कपाळाला लावून घेतला, बसस्टँडपर्यंत पोचवून आली. श्रावण बाजेवर येऊन बसला होता. ताटातली भाकर वाळली होती.

ती आली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"तुमाले ऐकू येत नाई, हे मले दोन वर्षांपासून माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून मी तुमच्याशी मोठ्यानं बोलतो. लोकाईले वाटते मी भांडकुदळ आहे. तुमी म्हटलं असतं न, मंगला, तू नको येऊ, मले बरं नाई वाटत, तर मी नसती आली. रडली असती, पण नसती आली."

"चुकलं माह्यं."

"चुकलं नाई. चुकलं म्हणजे दूध उतू जाणं." तिचा आवाज आता मोठा नव्हता, तरी त्याला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "थे बोल मी लहानपणी लय ऐकले. पण या घरात कोणी बोललं नव्हतं. तुमी बोलले. अन् दुसऱ्याच्या तोंडात घातले. आता त्याईच्या तोंडातून तुमीच काढा."

दुसऱ्या दिवशी टपरी बंद ठेवून श्रावण रामाकोन्याला गेला. रघुनाथराव ओसरीवर दोन पाहुण्यांबरोबर बसले होते. पाहुणे जाईपर्यंत थांबावं असं त्याला वाटलं, पण मग आपण थांबतच राहू हे कळलं. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. बायकोवर जळलो, तिला येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून तुमच्या नावानं असं असं बोललो.

रघुनाथराव लाल झाले. पाहुणे छताकडं पाहू लागले. "माह्या नावानं? माह्या घराच्या नावानं हे बोलला तू?"

दारात अंबाबाई उभी होती. "वरडू नको," ती मुलाला म्हणाली. "त्या पोरीनं खरं काऊन मानलं, थे पाह्य. आपल्या घरानं काही बोललंच नसतं कधी, तर तिनं मानलं असतं का?"

रघुनाथराव उठून ओसरीच्या कडेला आले. ते श्रावणला म्हणाले, "जा तू. पुढच्या खेपेले मी स्वतः तिले सांगाले येईन." आणि ते खरंच आले, पाऊस लागायच्या आधी, पण ती त्यांची आणि मंगलाची गोष्ट.

मंगलानं श्रावणला त्या हंगामात पुन्हा लग्नाला नेलं नाही. आपली बहीण कमल हिला पांढुर्ण्याहून बोलावून घेतलं आणि दोघी जाऊ लागल्या. घरात बोलणं चालू होतं, जेवण होतं, पण तो समोर आला की ती हातातलं काम वाढवायची. श्रावण नागपूरला जाऊन कान दाखवून आला. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, आहे ते सांभाळा.

तुळशीचं लग्न उरकून पुन्हा मुहूर्त निघाले, तेव्हा कमल बाळंत झाली होती. मंगला दारात उभी राहून म्हणाली, "सिलेंडर उचलाले कोणी नाई. चालता का?"

तो चालला. दिवसभर त्यानं गॅस पाहिला, काटा पाहिला, कप विसळले. रांग नेहमीसारखीच होती. एक बाई मंगलाचा हात हातात घेऊन म्हणाली, "असा हात देवानं सगळ्याईले नाई देल्ला," आणि श्रावणच्या छातीत ती जुनी कळ पुन्हा उठली, जशीच्या तशी.

परतताना बसमध्ये त्यानं तिला सांगितलं. "आजबी जळलो बरं मी. त्या बाईनं हात धरला तवा."

मंगला खिडकीबाहेर पाहत होती. "दिसलं मले," ती म्हणाली. "कप विसळता विसळता फोडला तुमी एक."

"मंग?"

"मंग काय. जळलं की असं सांगत जा." तिनं मांडीवरची पिशवी सरकवून त्याला टेकायला जागा केली.