फक्त गिऱ्हाइकाची वाक्यं

आमच्या ह्यांना एक खोड आहे. पहिलं काम तुळतुळीत झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. चाळीस वर्षं चष्म्याची भिंगं घासण्यात गेली, त्याचा परिणाम असेल. भिंगाला घाई चालत नाही हे मला मान्य आहे, पण रिटायर झाल्यावर माणूस बटाटेही त्याच चालीने सोलायला लागला, तर घरातल्यांनी जेवायचं कधी? त्यामुळे ह्यांनी स्पॅनिश शिकायचं काढलं तेव्हा मी कपाळावर हात मारला.

कारण होती आमची नात. मुलगा नोकरीसाठी दूर गेला, तिकडचीच बायको केली, आणि त्यांना झालेली ही पोर साडेचार वर्षांची होईतो आम्ही तिला फक्त फोनवर पाहिलेली. तिचं नाव तीन शब्दांचं आहे, माझ्या तोंडात बसत नाही, म्हणून मी तिला ठकी म्हणते. ठकीला स्पॅनिशशिवाय काही येत नाही. साधं ‘ये’ म्हटलेलंही कळत नाही. त्यावरून मी मुलाला दोनदा फैलावर घेतलं. तो म्हणाला, “आई, मी घरी पोचतो तेव्हा ती झोपलेली असते गं.”

माझ्याकडे बघून ठकी निदान हात तरी हलवायची. हे दिसले की सोफ्यामागे पळायची. फोन नाकाला लावून बघायची ह्यांची सवय, तिला तिकडे नुसत्या नाकपुड्या दिसत असणार. मी हसले, पण ह्यांना ते लागलं. “पोर मला भिते,” म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून उठले.

मग कळलं की सुट्टीत तिघंही आठ दिवसांसाठी येणार. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी वाचनालयातल्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. “ती एकदा तरी आपणहून माझ्याकडे यायला हवी,” एवढंच म्हणाले. हातात पाच महिने होते, पुस्तकात तीस धडे होते.

पहिला धडा होता कॅफेत जाऊन पेय मागवण्याचा. बाकीचा वर्ग पुढे रस्ते विचारायला लागला, हवापाण्यावर बोलायला लागला, कपडे विकत घ्यायला लागला. हे आपले पहिल्याच धड्यात. शिकवणारी बाई आमच्या मुलापेक्षाही लहान, बिचारी हात जोडून म्हणायची, “काका, आता पुढे चला ना.” हे म्हणायचे, “अजून पॉलिश व्हायचंय.”

घरात सकाळी दाढी करताना तेच चालू. उन काफे, पोर फाव्होर. म्हणजे एक कॉफी, कृपया. मग पाणी, मग बिनबर्फाचं लिंबू सरबत, मग ओत्रो काफे म्हणजे आणखी एक कॉफी, आणि शेवटी ला क्वेन्ता, बिल आणा. सरावासाठी मी वेटर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. मी म्हटलं, “चाळीस वर्षं तुम्हाला माझ्याकडे कॉफी मागायला भाषा लागली नाही, नुसतं खाकरलात तरी मिळाली. आता मला नवीन काही सांगू नका.”

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सहज विचारलं, “अहो, तुला काय हवं, हे तिला कसं विचारायचं?”

ह्यांचा चेहरा उतरला. “ते वेटरचं वाक्य. धड्याचा दुसरा भाग. ते मी अजून घेतलेलं नाही.”

“म्हणजे पाच महिने शिकून तुम्ही त्या एवढ्याशा पोरीकडे कॉफी मागणार?”

माझी जीभ अशीच आहे, सुटली की सुटली. ह्यांनी रात्री जेवताना एकच पोळी खाल्ली. मला फार वाईट वाटलं, पण ते तेव्हा सांगायला हवं होतं, आणि मी ताटं उचलत बसले.

ठकी आली ती आईच्या पायाला चिकटूनच. मग आम्ही सगळे तिच्यामागे लागलो. बिस्कीट हवं? बाहुली हवी? दूध हवं? मी मराठीत, मुलगा आणि सूनबाई स्पॅनिशमध्ये. जितकं विचारावं तितकी ती पडद्यामागे सरकायची. हे खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. मी हळूच म्हटलं, “बोला की काहीतरी.” तर म्हणे, “काय बोलू? जे येतं ते उपयोगाचं नाही.” असे चार दिवस गेले. आठातले चार.

पाचव्या दिवशी मुलगा आणि सूनबाई बाजारात गेली. ठकी स्वयंपाकघरात टेबलाखाली माझे रिकामे कप घेऊन एकटीच खेळत होती. मी भांडी घासत होते. हे आले, खुर्ची ओढून टेबलाशी बसले. शर्टाची कॉलर नीट केली. मग ठकीकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत, एक बोट वर केलं आणि म्हणाले, “उन काफे, पोर फाव्होर.”

मी नळ बंद केला.

टेबलाखालचा कपांचा आवाज थांबला. मग टेबलाखालून एक हात वर आला आणि ह्यांच्यापुढे रिकामा कप ठेवून गेला. ह्यांनी तो उचलला, फुंकर मारली, सावकाश घोट घेतले, मिशी पुसली. “ग्रासियास.” म्हणजे आभारी आहे.

खालून बारीक आवाजात काहीतरी प्रश्न आला. मला कळला नाही, ह्यांनाही कळला नाही. हे म्हणाले, “सी.” म्हणजे हो. कपात दोन बटणं पडली. पुन्हा प्रश्न, पुन्हा सी. या वेळी बशीत माझी चप्पल आली. ह्यांनी मान डोलावून ती चमच्यासारखी बाजूला ठेवली, आणि ठकी खदखदून हसत टेबलाखालून बाहेर आली.

त्यानंतर तिचं दुकान उठेचना. कमरेला माझा नॅपकिन गुंडाळून ती ह्यांच्यापुढे उभी राहायची, काय काय विचारायची, आणि हे सगळ्याला सी म्हणायचे. सूनबाई दारात उभी राहून डोळे टिपत होती. मी मनात कबूल केलं, की ह्यांनी वेटरची वाक्यं शिकली असती तर तेही आमच्याच रांगेत उभे राहून हे हवं का ते हवं का करत बसले असते. अख्ख्या घरात तिच्याकडे काहीतरी मागणारा हा एकच माणूस होता.

एक वाक्य मात्र हे कधी म्हणाले नाहीत. बिलाचं. मी विचारलं, “ते तर तुमचं सगळ्यात गुळगुळीत आहे, मग?”

“ते म्हटलं की उठून जावं लागतं,” हे म्हणाले.

आठव्या दिवशी बॅगा दाराशी गेल्या. टॅक्सी आली. ह्यांना अच्छा करायला मी ठकीला आणायला गेले, तर ती आधीच टेबलाशी पोचलेली. पायात बूट, अंगात कोट, हातात कागदाचा तुकडा आणि त्यावर पेन्सिलच्या रेघोट्या. तिने तो ह्यांच्यापुढे ठेवला. “ला क्वेन्ता,” ती म्हणाली. म्हणजे बिल. बाहेरून सूनबाई हाका मारत होती.

ह्यांनी कागदाकडे पाहिलं, तिच्या बुटांकडे पाहिलं. मग बोट वर केलं आणि आणखी एक कॉफी मागितली.

“ओत्रो काफे, पोर फाव्होर.”

ठकीने दाराकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि पळत जाऊन फळीवरचा कप आणला. बूट घालून स्वयंपाकघरात आलेलं मला खपत नाही, पण मी चकार शब्द काढला नाही. हे प्यायला लागले. भिंग घासायचे त्या चालीने, एकेक घोट. ठकी टेबलाला हनुवटी टेकून बघत राहिली.

टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. मग परत वाजवला. मी बाहेर गेले आणि त्याला म्हटलं, जरा थांबा, आत गिऱ्हाईक बसलंय.