ब्रॅनिगनचा शिमगा

होळीच्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात दोरीवर कपडे घालत होते, तेव्हा केव्हकाका कुंपणापाशी आले. म्हणाले, "चित्रा, संध्याकाळी तुमच्या त्या शेकोटीला मी माझ्या मुलाला घेऊन आलो तर चालेल का?"

केव्हकाका गेल्या हिवाळ्यात शेजारी राहायला आले. क्लेटन या आमच्या उपनगरात, आमच्या गल्लीत शेजारी म्हणजे सहा महिन्यांच्या भाड्याची पोरं, त्यामुळे हा स्वतःच्या घरात राहणारा, लिंबं आणून देणारा म्हातारा आम्हाला देवासारखा वाटला. पहिल्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याने, यतिनने, त्यांना काका करून टाकलं. आणि आपल्याकडे एकदा कोणी काका झाला, की त्याला आडनाव लागत नाही. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मुलगा आठवड्यापूर्वी घरी परत आला होता. खोलीबाहेर येत नव्हता. काका जेवणाचं ताट दाराशी ठेवत आणि अर्धं भरलेलं परत उचलत. गेल्या वर्षी पबमध्ये कोणीतरी त्याला डिवचलं, म्हणून याने त्या माणसाच्या गालाचं हाड मोडलं होतं. कोर्टाने एक शेवटची संधी दिली होती. आता पुन्हा कोणावर हात उचलला, की थेट तुरुंग.

"त्याने एकदा चार माणसांत बसून जेवावं, एवढंच मला हवंय," काका म्हणाले.

"आणा की," मी म्हणाले. "आज पुरणपोळी आहे. गोड खाऊन कोणी मारामारी करत नाही."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय.

आता आमच्या होळीविषयी सांगायला हवं. इथे लंबगोल चेंडूच्या फुटबॉलला फूटी म्हणतात, आणि मी बस चालवते त्या डेपोत फूटीचा क्लब नसलेला माणूस म्हणजे जात नसलेला माणूस. मी आणि यतिन विद्यार्थी म्हणून आलो तेव्हाच एका क्लबला चिकटलो. कुठला ते सांगत नाही, लोक हसतात. आमचा क्लब तळाला असायचा. तळाच्या क्लबला एकच सुख असतं, वर्षाच्या शेवटी ड्राफ्टमध्ये अठरा वर्षांची नवी पोरं निवडताना त्याला पुढचा नंबर मिळतो. एका वर्षी आम्हाला दुसरा नंबर मिळाला. समोर दोन पोरं होती. आमच्या शहाण्यांनी कोडी ब्रॅनिगनला घेतलं. दुसरा पोरगा तिसऱ्या नंबरवाल्यांकडे गेला आणि पुढे त्याने तीन वेळा कप उचलला.

ब्रॅनिगनने काय केलं? आधी पायाचा स्नायू, मग गुडघा, मग पुन्हा तोच गुडघा. डोंगर पोखरून उंदीर. आणि ज्या एकमेव वर्षी आम्ही फायनल्समध्ये पोचलो, त्या वर्षी निर्णायक सामन्यात शेवटचा भोंगा वाजला तेव्हा चेंडू याच्या हातात, म्हणजे एक किक हक्काची, समोर गोल, तीस मीटर, वारा नाही, अंगावर कोणी नाही. आमच्या डेपोतल्या आजीबाईनेही मारला असता. याने बाहेर मारला, आणि आम्ही हरलो. यतिन त्या दिवशी स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून रडला होता, आणि मीही.

त्याच वर्षापासून आमच्या होळीत ब्रॅनिगन जळतो. यतिन कणकवलीचा. त्यांच्या गावात शिमग्याला मानकरी देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. यतिनने ते इथे आणलं. आमच्या क्लबची जर्सी, तिच्यात ठासून पेंढा, पाठीवर त्याचा सात नंबर, मधोमध खांब. एकेकाने पुढे यायचं, ब्रॅनिगनविषयी आपलं एक गाऱ्हाणं घालायचं, क्रिकेटच्या स्टंपने एक फटका हाणायचा, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" ओरडायचं. शेवटी जाळायचं आणि तोंडावर हात मारत बोंब ठोकायची. दुसऱ्या दिवशी कोणाच्या मनात काही राहत नाही. होळीचं तेच तर औषध आहे, पोटातली घाण वर्षातून एकदा बाहेर काढायची. मला फार आवडायचं ते. माझा फटका सगळ्यात जोराचा असायचा.

संध्याकाळी काका आले ते चांगल्या शर्टात. मागे मुलगा. तिशीचा, छातीपर्यंत दाढी, पोट सुटलेलं, डोळे जमिनीकडे. उजवा पाय किंचित ओढत होता. मी पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं. त्याने एक खाल्ली, मग दुसरी मागितली. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला भरून आलं.

अजून चांगलं ऊन होतं. अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लाकडं पेटली होती. घरातून यतिन पेंढ्याचा ब्रॅनिगन खांद्यावर घेऊन आला तेव्हा मी अंगणातल्या गॅसच्या चुलीपाशी पोळ्या भाजत होते. काका बाथरूम विचारून आत गेले होते. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण ते बाहेर असते तर पुढचं घडलंच नसतं.

"बा देवा म्हाराजा!" यतिनने खडा आवाज लावला.

"व्हय म्हाराजा!"

"हे जे काय आमच्या क्लबाक सात नंबराचा ग्रहण लागला..."

"व्हय म्हाराजा!"

"...त्या ब्रॅनिगनाक नीट सरळ मारूची बुद्धी झाली नाय..."

"व्हय म्हाराजा!"

धाड. पहिला फटका यतिनचा, बरोबर पोटात. मग श्रेयस आला, आमच्यात सगळ्यात शांत माणूस, फार्मसीत काम करतो. "याच्या पायी मी त्या वर्षीची मेंबरशिप कचऱ्यात टाकली!" धाड, खांद्यावर. मग त्याची बायको तेजश्री. "दुसऱ्याला घेतलं असतं तर आज तीन कप आपले असते!" धाड, डोक्यावर, आणि डोकं एका बाजूला लोंबायला लागलं. सगळे हसत होते. फटक्यांना एक चव असते, ती चढते. मीही उलथनं हातात घेऊनच ओरडत होते.

काकांचा मुलगा ताट मांडीवर ठेवून बघत होता. मराठी त्याला काय कळणार. पण सात नंबर कळतो, जर्सी कळते, आणि ब्रॅनिगन हे नाव कुठल्याही भाषेत ब्रॅनिगनच असतं.

"Who's that, mate?" त्याने विचारलं.

"आमची ड्राफ्टमधली दुसऱ्या नंबरची निवड," यतिन आनंदाने इंग्रजीत म्हणाला. "शतकातला सगळ्यात वाईट. तू फूटी बघतोस? ये, एक हाण. काय राग असेल तो बोल आणि हाण. It's good for you."

त्याने ताट खाली ठेवलं, पुढे आला आणि स्टंप घेतला. क्षणभर त्या लोंबत्या डोक्याकडे बघत राहिला.

"I told them," तो हळूच म्हणाला. "त्या दुसऱ्या पोराला घ्या म्हणून मी सांगितलं होतं."

आम्हाला वाटलं, गमतीत चाललाय. "व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

त्याने फटका मारला. मग दुसरा. मग मोजायचं कोणाला सुचलं नाही. तोंडातून शब्द नाही, नुसता श्वास. पेंढा उडायला लागला, जर्सी फाटली, खांब वाकला. आम्ही दोन-तीन फटक्यांपर्यंत हसलो, मग हसू तोंडातच राहिलं. तो आता फक्त खाली मारत होता. पेंढ्याच्या त्या पुतळ्याला आम्ही जुन्या पॅंटचे पाय लावले होते. त्यातल्या उजव्या पायावर, गुडघ्यावर, पुन्हा पुन्हा.

"कोडी!" मागच्या दारातून काका ओरडले. "कोडी, पुरे!"

ते नाव मी ऐकलं. दाढी, पोट, ओढणारा पाय, सगळं माझ्या डोक्यात एका झटक्यात जागेवर बसलं. यतिनच्याही.

आता शहाण्या माणसाने गप्प बसावं की नाही? पण माझा नवरा. इतक्या वर्षांचं पोटात साचलेलं, आणि ज्याच्यासाठी साचलं तो समोर. सॉरी म्हणायच्या ऐवजी त्याच्या तोंडून निघालं, "Thirty metres, mate. नुसते तीस मीटर!"

कोडीने वळून स्टंप फिरवला. तो आवाज मला अजून जेवताना ऐकू येतो, सुकी फांदी पायाखाली यावी तसा. यतिन आडवा पडला, तोंडातून रक्त आणि दोन दात. कोडी त्याच्यावर उभा राहिला आणि त्याने स्टंप पुन्हा डोक्यावर उचलला. मी विचार केला नाही. तव्यावरचं तापलेलं उलथनं घेऊन धावले आणि त्याच्या मनगटावर हाणलं. चर्रकन आवाज झाला, कातडी चिकटून निघाली. स्टंप पडला. मी दुसऱ्यांदा हाणलं, तिसऱ्यांदाही, कानावर. माझ्या नवऱ्याला मारतोस? मला त्याला ठार मारायचं होतं, खोटं कशाला बोलू. श्रेयसने मला कमरेला धरून मागे ओढलं.

कोडीने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो खाली बसला आणि स्वतःच्या मुठीने स्वतःचा उजवा गुडघा ठोकायला लागला. काकांनी त्याच्यावर अंग टाकलं. ते ठोसे म्हाताऱ्याच्या बरगड्यांवर बसत होते, तरी ते सोडेनात. "He ate," एवढंच सारखं म्हणत होते. "He ate. त्याने दोन खाल्ल्या." कोणाला सांगत होते, देव जाणे.

तेजश्रीने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. पोलीस पलीकडच्या कोणीतरी बोलावले असावेत, कारण दोघं एकदमच आले. दोन पोलीस, एक तरुण बाई आणि एक थोराड हवालदार. त्याने रक्त पाहिलं, स्टंप पाहिला, मग पेंढ्यातली ती फाटकी जर्सी उचलली. सात नंबर पाहून त्याचा चेहरा उजळला.

"ब्रॅनिगन!" तो हसला. "मीही ह्याच क्लबचा. माझ्यातर्फे एक हाणायला हवी होती."

कोणी हसलं नाही. कोडी उभा राहिला. कानातून रक्त येत होतं. आता हा बोलणार हे मला कळलं. आपण संपलेले बरे असं वाटणाऱ्या माणसाचा चेहरा मी बसच्या आरशात पुष्कळदा पाहिलाय.

"मी मारलं त्याला," तो म्हणाला. "I'm Brannigan."

हवालदाराचं हसू विरलं. हात हळूहळू कमरेच्या बेड्यांकडे गेला. काका ड्रमला धरून उभे होते. त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि माझा सगळा राग फिरला. कोडीवरचा सुटला आणि आमच्यावर आला. शिमगा वर्षातून एकदाच असतो म्हणे. याच्या अंगात तो बारा महिने पेटलेला, आणि लाकडं घालणारे आम्हीच, या शहरातले सगळे, घराघरातून.

मी मध्ये गेले.

"ऑफिसर, हा आमचा धार्मिक विधी आहे," मी इंग्रजीत म्हणाले. "It's religious. आज आम्ही काठीने एकमेकांना मारतो. सगळ्यांना लागतं. बघा ना, त्याला मी भाजलंय."

धर्म म्हटल्यावर हवालदार जरा मागे सरकला. तरुण बाईने भुवया उंचावल्या. "तुमच्या नवऱ्याचा जबडा मोडलाय. त्यालाही हे मान्य होतं?"

मी मागे वळले. आमची माणसं भिंतीला लागून उभी होती. सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक पडले होते. मी खांबाशेजारी उभी राहिले, जिथे यतिन उभा राहतो, आणि मराठीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आमच्या दारात जेवायला आलेल्या पोराला आम्ही मारलं..."

मग श्रेयसचा बारीक आवाज. "व्हय म्हाराजा."

"...त्याचा ह्यात काय्येक दोष नाय..."

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"...त्याका सांभाळून घे."

"व्हय म्हाराजा!"

"ते म्हणतायत, मान्य होतं," मी बाईला सांगितलं.

"ते म्हणतायत," ती म्हणाली. "हा काय म्हणतो?"

यतिन स्ट्रेचरवर होता. जबडा पट्टीने बांधलेला, डोळे वेदनेने पांढरे झालेले. तो माझ्याकडे बघत नव्हता. कोडीकडे बघत होता. मला वाटलं, गेलं. तीस मीटर. माझा नवरा ते तीस मीटर मरेपर्यंत विसरणार नाही, मी ओळखते त्याला.

पॅरामेडिक म्हणाला, बोलू नका. यतिनने त्याचा हात बाजूला सारला. पट्टीखालून जबडा हलला, पट्टी लाल झाली, आणि घशातून गुरासारखा आवाज आला.

"व्ह... य."

हवालदाराचा हात बेड्यांवरून खाली आला. कोडी तिथेच मातीत बसला आणि लहान मुलासारखा मोठ्याने रडायला लागला.