गोगलगायीनं खाल्लेलं पान

श्यामकांतांचं पत्र जुलैत आलं होतं आणि यादवरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. सुचलं नाही असं नाही. चार-पाच उत्तरं सुचली. एकात होकार होता, एकात नकार, आणि बाकीच्यांत 'माझ्यासारख्याची आपण दखल घेतलीत' अशा थाटाची लाचारी होती. ती वाक्यं कागदावर उतरलेली पाहिली की त्यांना स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटायची. शेवटी पत्र त्यांनी हातातल्या पुस्तकात खूण म्हणून घातलं. पुस्तक संपलं, दुसरं सुरू झालं, खूण या पुस्तकातून त्या पुस्तकात गेली, आणि उत्तर राहिलं ते राहिलंच.

पत्र तसं साधं होतं. श्यामकांत जर्मनीत ड्युसेलडॉर्फला नोकरी करायचे आणि तिथल्या एका मराठी मंडळाचा दिवाळी अंक काढायचे. अक्षर मोत्यासारखं, आणि ते लोकांनी पाहावं म्हणून पत्रं हातानं लिहायची हौस. पाडव्याच्या कार्यक्रमात उत्कर्षानं, म्हणजे यादवरावांच्या मुलीनं, मोबाइलवर वडिलांची चित्रं दाखवली होती. ती अंकाच्या मधल्या पानांवर छापायची इच्छा आहे, परवानगी कळवावी, असा मजकूर.

चित्रं कसली, तर बागेतल्या झाडांची. विदर्भातल्या एका कृषी महाविद्यालयात यादवरावांनी ग्रंथपाल म्हणून जन्म काढला. वनस्पतींवरची किती पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली असतील, पण वनस्पतीकडे मान वर करून पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. निवृत्तीनंतर ते आणि पत्नी अरुणाबाई मुलीकडे जर्मनीतल्या येना गावी आले. उत्कर्षा तिथं भिंगांच्या प्रयोगशाळेत होती. तिनं गावाबाहेरच्या टेकडीवर बागेचा एक तुकडा भाड्यानं घेतला होता आणि त्याच्याकडे बघायला तिला फुरसत नव्हती. अरुणाबाईंनी तो ताब्यात घेतला. मेथी लावली, नवलकोल लावला, लाल कोबी लावला. एकदा त्यांनी त्या कोबीचा गड्डा मधोमध कापला आणि यादवराव ओरडले, "थांब!"

"काय झालं? बोट कापलं नाही माझं."

"चिरू नकोस. तसाच ठेव."

जांभळ्या-पांढऱ्या घड्या एकमेकींत शिरल्या होत्या. कुठे रुंद, कुठे चिमटीत दाबल्यासारख्या. मधल्या दांड्यातून नदीला फाटे फुटावेत तसे फाटे. त्या दिवशी यादवरावांनी पेन्सिल हातात घेतली. मग सूर्यफुलाच्या चकतीतले दाणे आले, गोगलगायीनं चाळण केलेलं नवलकोलचं पान आलं, आणि दगडी बांधाच्या फटीत वाढणारी जाड पानांची ती वनस्पती आली, जिला इथले लोक हाउसवुर्त्स म्हणतात. चित्रं ते कुणाला दाखवत नसत. उत्कर्षानं फोटो काढले ते चोरून.

आता सप्टेंबर होता. गुरुवारी संध्याकाळी उत्कर्षा ऑफिसमधून आली आणि तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर रंगीत कागद पसरले.

"बाबा, सरप्राइज! दिवाळी अंकाची पानं. सोमवारी प्रेसला जाणार."

यादवरावांनी चष्मा पुसला. पहिल्या पानावर हाउसवुर्त्स होती. म्हणजे असावी. त्यांनी काढलेल्या चित्राचा डावा अर्धा भाग उचलून कुणीतरी उजवीकडे उलटा करून चिकटवला होता. एकाच दिशेनं गोल फिरत गेलेली पानं आता दोन्ही बाजूंनी येऊन मधोमध नाकाला नाक लावून उभी होती. आणि बरोबर मध्यावर, जिथं त्यांनी मिटलेल्या मुठीसारखं नवं पान काढलं होतं, तिथं एक पणती. ज्योतीसकट.

त्यांनी पुढचा कागद घेतला. नवलकोलचं पान. एकही भोक नव्हतं. भोकं बुजवून वर हिरवा रंग फिरवला होता. खाली लिहिलं होतं: 'पूजेची फुलं वेचता वेचता गवसलेली रांगोळी. चित्रं: यादवकाका, येना.'

"हे त्यांना कुणी दिलं?" यादवरावांचा आवाज इतका खाली गेला की अरुणाबाईंनी कढईखालची आच बंद केली.

"मी. ऑफिसात स्कॅन केली आणि मेल केली. त्यांचे दोन फोन आले, तुम्ही उत्तरच देत नव्हता. मला वाटलं, नाही म्हणाला नाहीत म्हणजे हो."

"मी हो म्हणालो का?"

"तुम्ही कधी म्हणता, बाबा? माझ्या लग्नाला म्हणालात? जर्मनीला यायला म्हणालात? गप्प बसलात की आम्ही समजतो."

"माझ्या बापानंही तेच केलं," अरुणाबाई म्हणाल्या. "हे मला बघायला आले, खाली मान घालून चहा प्याले, एक शब्द नाही. बापानं साखर वाटून टाकली. आता चाळीस वर्षांनी विचारतात, मी हो म्हणालो का!"

एरवी या गोष्टीवर घरात हसू फुटायचं. उत्कर्षाही हसायला तोंड उघडत होती, पण वडिलांचा चेहरा बघून तिनं ते मिटलं.

"पूजा," यादवराव म्हणाले. "आपल्या घरात फुलं वेचून पूजा कोण करतं?"

"बाबा, ते आपलं... सगळ्यांना समजेल असं लिहिलंय त्यांनी."

"आणि नाव? यादवकाका. मी कुणाचा काका?"

उत्कर्षानं कागद हातात घेतला, वाचला, उलटून पाठीमागे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. "मी पूर्ण नाव पाठवलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "यादवराव गजभिये. मेलमध्ये लिहिलं होतं मी. नीट."

अरुणाबाईंनी गॅस पुन्हा पेटवला, जरा जोरातच.

यादवरावांनी फोन मागितला. ते स्वतःहून फोन मागतात ही घरातली नवलाई, म्हणून उत्कर्षानं काही न विचारता नंबर लावून दिला.

"नमस्कार, नमस्कार यादवकाका!" श्यामकांतांचा आवाज टेबलापर्यंत ऐकू येत होता. "पाहिलीत ना पानं? काय उठाव आलाय! आल्झो, म्हणजे आम्ही थोडंसं क्लीन-अप केलं हं. तुमचा हात चांगला आहे, पण मधेच तोल जातो. तसं होतंच, शिक्षण नसलं की. आता बघा, गेनाऊ, अगदी तेच चित्र, फक्त सिमेट्रिकल."

"ते... ते झाड एका बाजूनंच फिरतं," यादवराव म्हणाले.

"फिरू द्या की! झाडाला कुठं दिवाळी अंक काढायचाय?" श्यामकांत मनापासून हसले. "आणि ते भोकं पडलेलं पान, अहो काका, ते तसं छापलं तर लोक म्हणतील अंकाला कीड लागली. बरं, प्रकाशनाला या हं, शाल द्यायचीय तुम्हाला. ठरलं ना?"

चाळीस वर्षं कॉलेजात अशाच हसऱ्या, गोड आवाजांनी यादवरावांना सुधारलं होतं. गजभिये, 'पाणी' म्हणा, 'पानी' नाही. गजभिये, वाचता फार, बोलता मात्र असे. प्रत्येक वेळी आपलंच चुकलं असेल असं त्यांना वाटलं होतं आणि प्रत्येक वेळी ते एकच शब्द बोलले होते. आताही तोच तोंडातून निघाला.

"बरं."

फोन ठेवल्यावर अरुणाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, बरं? बरं म्हणालात?"

ते न जेवता खोलीत गेले.

सकाळी उत्कर्षा कामाला गेल्यावर ते रंगीत कागद पिशवीत घालून टेकडी चढले. बरोबर अरुणाबाई, मेथी खुडायला. नवऱ्याची पावलं त्यांना ओळखू येत होती आणि अशी पावलं त्यांनी कधी ऐकली नव्हती.

राग आला होता खरा, पण यादवरावांचा रागावर भरवसा नव्हता. राग आला की लगेच त्याच्या मागून शंका यायची, सावलीसारखी. श्यामकांत शिकलेला माणूस. कदाचित त्याचंच चित्र बरं असेल. आपण ना चित्रकलेच्या शाळेत गेलो, ना कुणाकडून शिकलो. म्हाताऱ्याला कुणी शाल देतंय, तर अंगावर घ्यावी आणि गप्प बसावं.

त्यांनी दगडी बांधावर छापील कागद ठेवला, उडू नये म्हणून कडेला दोन खडे ठेवले आणि शेजारी गुडघे टेकले. कागदाकडे पाहिलं. झाडाकडे पाहिलं. प्रामाणिकपणे पाहायचं ठरवलं होतं. छापील चित्र सुरेख होतं, नाही असं नाही. डोळा लगेच ठरायचा. डावीकडे जे तेच उजवीकडे, मध्ये दिवा. बघून झालं की झालं.

झाडावर डोळा ठरत नव्हता. एका पानावरून तो घसरायचा, पुढच्या पानावर जायचा, तिथून पुढच्या. हिरव्या पानांची टोकं लालसर, कडेला बारीक लव, आणि एकही पान दुसऱ्याच्या डोक्यावर नाही. प्रत्येक पान आधीच्या पानांमध्ये फट शोधून, किंचित वळून आलेलं, की खालच्याला ऊन मिळावं. म्हणून तर ते फिरत होतं. एका बाजूला एक पान वाळून गळलं होतं, त्याच्या जागी खोबण होती, आणि सगळं चक्र त्या खोबणीभोवती जरासं कललं होतं. श्यामकांत ज्याला तोल जाणं म्हणाला ते हेच. अगदी मध्यावर, खूप वाकून पाहिलं तर दिसेल असं, पुढचं पान वर येत होतं. तांदळाच्या दाण्याएवढं.

यादवरावांनी छापील चित्रातल्या त्या जागेवर बोट ठेवलं. पणती.

आता इथं पान कुठून येणार?

एवढंच मनात आलं. शंका नेहमीसारखी मागून आली होती, पण आज तिला म्हणण्यासारखं काही सापडलं नाही. माझा हात चुकला असेल, माझी रेघ वाकडी असेल, पण मी हे पाहिलं होतं. गुडघे दुखेपर्यंत इथं बसून पाहिलं होतं. त्यानं पाहिलं नव्हतं, आणि न पाहता सुधारलं होतं. पानाची भोकं बुजवली, घरात नसलेली पूजा माझ्या गळ्यात घातली, माझं नाव पुसलं, आणि त्यावर दिवा लावून वर मलाच प्रकाशनाला बोलावतोय.

"हलकट," ते मोठ्यानं म्हणाले.

पलीकडच्या बागेतली जर्मन बाई नळी हातात धरून वळून पाहू लागली. अरुणाबाईंच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या तोंडून शिवी ऐकली नव्हती.

यादवराव उठले, वाफ्यात गेले आणि नवलकोलचं एक पान देठापासून तोडलं. गोगलगायींनी जाळी केलेलं.

"एका पानाची भाजी करायचीय का?" अरुणाबाईंनी विचारलं.

"पोस्टात टाकायचंय."

घरी येऊन ते टेबलाशी बसले. पहिल्या कागदावर 'आपला कृपाभिलाषी' असं अंगवळणी पडलेलं काहीतरी खाली आलं, तो त्यांनी चुरगाळला. दुसऱ्यावर 'माझा गैरसमज झाला असल्यास' एवढं लिहून झालं आणि तोही चुरगाळला. तिसऱ्यावर त्यांनी दाबून लिहिलं, इतकं की अक्षरं मागच्या बाजूला उमटली:

'श्यामकांत यांस. तुमच्या जुलैतल्या पत्राचं हे उत्तर. परवानगी नाही. मी गप्प होतो, हो म्हणालो नव्हतो. काल फोनवर बरं म्हणालो, तेही मागे घेतो. सोबत एक पान पाठवत आहे. भोकं मोजून घ्या, मी काढली तेवढीच सापडतील असं नाही, पण एकही बुजवायची नाही. माझी चित्रं आहेत तशी, पणतीशिवाय, पूजेशिवाय छापणार असाल तर छापा. खाली नाव लिहायचं: यादवराव गजभिये. काका नको. हे जमणार नसेल तर मधली पानं कोरी सोडा. शाल नको.'

दुपारी उत्कर्षा लवकर घरी आली. रात्री तिलाही झोप लागली नसावी. तिनं पत्र वाचलं, दोनदा वाचलं.

"बाबा, फार कडक आहे हो. मी व्हॉट्सॲप करू का? नीट शब्दांत सांगते. पाडव्याला पुन्हा तोंड दाखवायचंय तिथं."

"तुझे नीट शब्द नकोत. मला पत्र आलं होतं."

"पण सोमवारी प्रेस..."

"आज टाकलं तर उद्या पोचेल. तूच सांगत असतेस, इथलं पोस्ट, इथलं पोस्ट."

तिनं वाद घालायला तोंड उघडलं, मग टेबलावरच्या छापील पानावरचं 'यादवकाका' पुन्हा एकदा वाचलं. ती उठली, कपाटातून मोठं पाकीट आणि तिकिटं काढली, पत्ता घातला. पाठवणाऱ्याच्या जागी तिनं 'गजभिये' लिहिलं, मोठ्या अक्षरांत, आणि पेन खाली ठेवलं.

"मी येऊ बरोबर?"

"नको."

पान पाकिटात जाईना. देठ मोडावा लागला, तेवढ्यापुरतं यादवरावांना वाईट वाटलं. टपालाची पिवळी पेटी ट्रामच्या थांब्याजवळ होती. इतक्या दिवसांत तिच्यासमोरून ते किती वेळा गेले असतील, पण तिच्यात त्यांनी कधी काही टाकलं नव्हतं. तिथं पोचल्यावर पाय अडखळले. उद्या तो माणूस हसेल. चारचौघांत वाचून दाखवेल. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणेल. म्हणू दे. छातीतला राग अजून तसाच होता, सकाळच्याएवढाच, आणि तो थंड व्हायच्या आत त्यांना काम उरकायचं होतं.

मागे ट्रामची वाट बघणारी दोन माणसं त्यांच्याकडे पाहत होती. यादवरावांनी झाकण उचललं, पाकीट आत घातलं, ते मध्येच अडकलं तसं मुठीनं ढकललं. आत ते तळाला आपटल्याचा आवाज आला. मग त्यांनी हात बाहेर काढला.