शनिवारपर्यंत लिहून द्या

मेट्रन मॅडमनी सोमवारीच सांगून टाकलं होतं. आलटून पालटून ड्युटी आता बंद. एक तारखेपासून सहा महिने एकच, डे नाहीतर नाईट. ज्याला जी हवी ती शनिवारपर्यंत लिहून द्या, मागून रडत यायचं नाही.

सुप्रियाला विचार करायचं कारणच नव्हतं. कर्जतच्या त्या छोट्या हॉस्पिटलात गेले आठ महिने ती इतर सिस्टरांशी अदलाबदल करून नाईटच करत आली होती. कारण भिसेगावच्या घरी सासू होती. बायजाबाईंना विसर पडत चालला होता. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं, मग नावं गेली, मग घराची वाट. मागच्या दिवाळीत त्या नदीकाठी चिखलात बसलेल्या सापडल्या, अनवाणी. तेव्हापासून ठरून गेलं होतं. रात्री त्यांच्याजवळ सुप्रियाचा नवरा सुनील, आणि दिवसा तो खोपोलीला कंपनीत गेला की सुप्रिया. दाराला आतून कुलूप, किल्ली सुप्रियाच्या उशीखाली.

"नाईटच लिही," सुनील म्हणाला. "नायतर दिवसा आईजवळ कोण बसणार?"

"तेच लिहिणार आहे," ती म्हणाली.

पण बुधवारी सकाळी ते झालं.

नाश्त्याआधीची इंजेक्शनं चालू होती. ड्युटी संपायला अजून तासभर होता. सुप्रियानं इन्सुलिन भरलं आणि सहा नंबरच्या खाटेशी आली. तिथं डोंगराकडच्या वाडीवरची भागी होती. पायाची जखम चिघळली म्हणून तिला आणलं होतं आणि मग शुगर निघाली होती.

"परत गं बाय?" भागीनं विचारलं.

"परत कुठे? काल रात्रीचं ते वेगळं. हे सकाळचं."

"सकाळचंच सांगतंय मी. खिडकीत उजेड आला नि तू टोचून गेलीस. ही बघ."

भागीनं लुगडं बाजूला सारून पोट दाखवलं. बेंबीच्या डावीकडे बारीकसा लाल ठिपका होता, ताजा.

सुप्रियाचा हात तिथेच थांबला. तिनं चार्ट पाहिला. सही नव्हती. ट्रेमध्ये वापरलेली सिरिंज होती. तिला काही म्हणजे काहीच आठवेना. आपण इथं आलो, हिच्या पोटाला कापूस लावला, काहीतरी बोललोही असू; सगळं पुसून गेलं होतं. दुसरं इंजेक्शन गेलं असतं तर तासाभरात भागीची शुगर खाली जाऊन ती थंड पडली असती.

"बरोबर आहे तुमचं," ती कशीबशी म्हणाली. मग भागीची शुगर तपासली, नाश्ता लगेच मागवला आणि ती खाईपर्यंत शेजारी उभी राहिली. चार्टवर सही केली. कोणाला सांगितलं मात्र नाही.

त्या दिवशी तिला झोप लागली नाही. गुरुवारीही नाही. डोळा लागला की सिरिंज दिसायची आणि खाटेवर कधी भागी असायची, कधी कोणीच नसायचं. सुनीलला सांगावं असं दोनदा ओठावर आलं. पण सांगितलं तर तो विचारणार, मग आईचं काय? शुक्रवारी सकाळी तिनं कागदावर "नाईट" लिहून तो पर्समध्ये ठेवला, घरी आली, दार लावलं आणि दगडासारखी झोपली.

जाग आली तेव्हा दुपार टळली होती. सासूची खाट रिकामी होती. दार उघडं, कुलूप कडीला लटकलेलं, किल्ली त्यातच.

ती तशीच धावली. नदीच्या रस्त्यानं जावं की रेल्वे फाटकाकडे, हेच कळेना. इतक्यात शेजारच्या पडवीतून हाक आली, "सुप्रिया, हिकडं गं! हिकडं हाय ती."

पदूकाकीच्या पडवीत बायजाबाई सुपात वाल घेऊन सोलत बसल्या होत्या. सुप्रिया पायरीवरच बसली.

"एवढी का घाबरलीस?" पदूकाकी म्हणाली. "रोजच येती. तू झोपलीस की येती, चार वाजता मी परत नेऊन बसवते."

"रोज? आणि किल्ली?"

"तुझ्या उशीखालून काढती, कुलूप उघडून परत तिथंच ठेवती; मी आणून सोडली की कुलूप आतून दाबून लावती. आज किल्ली ठेवायची राहिली असंल."

"काकी, मला सांगितलं का नाही?"

"रातभर राबून येतीस. तुझी झोप मोडंल म्हणून नाय सांगितलं."

आपल्या उशीखाली सासूचा हात गेला, परत आला, रोज, आणि आपल्याला पत्ता नाही. दिवसा आईजवळ आपण आहोत असं सगळे समजत होते, ती स्वतःसुद्धा. तिथं कोणीच नव्हतं. होती ती पदूकाकी.

संध्याकाळी तिनं सुनीलला दोन्ही गोष्टी सांगितल्या, आधी भागीची आणि मग किल्लीची. तो चिडला. "आठ महिने काकीच्या जिवावर चाललं होतं नि मला आज कळतंय?"

"मलाही आजच कळलं."

"मग आता काय? नोकरी सोडतीस?"

"नोकरी नाही, नाईट सोडते. तू तुझं बघ, दुपारची सेकंड शिफ्ट मिळते का."

तो बाहेर निघून गेला.

शनिवारी तिनं नवा कागद दिला आणि मेट्रन मॅडमसमोर उभं राहून बुधवारचं सगळं सांगितलं. मॅडमनी तिला ते लेखी द्यायला लावलं. महिनाभर सीनियर सिस्टर शेजारी असल्याशिवाय इंजेक्शन द्यायचं नाही, असं ठरलं. बाकीच्या सिस्टरांत कुजबुज झाली. पण डे मिळाली.

सुनीलला सेकंड शिफ्ट मिळायला तीन आठवडे लागले. तोवर दिवसभर पदूकाकीनं सांभाळलं. आता तो दुपारपर्यंत घरी असतो, पुढे रात्री आठपर्यंत काकी, मग सुप्रिया. त्याची आणि सुप्रियाची धड गाठ पडते ती रविवारीच. मधे एकदा बायजाबाई स्टेशनपर्यंत गेल्या, तेव्हा सुनील शर्टाची बटणं लावत मागून धावला होता.

सुप्रियाची धाकधूक गेलेली नाही. वॉर्डात फोन वाजला की तो घरचाच असेल असं अजून तिला वाटतं. पण इंजेक्शन दिल्या दिल्या ती सही करते, आणि कोणाला दिलं, किती वाजता दिलं, हे तिला रात्री घरी जातानाही आठवत असतं.